पायाच्या आत लांबणारा रॉड



दिवाळी जवळ आली की बीड जिल्ह्यातील अनेक गावे रिकामी होऊ लागतात. लाखो माणसे ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्यांतून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. ह्या प्रवासात आणि पुढे उसाच्या फडात अपघातही होतात. ट्रॉली उलटते, गाडीचे चाक मांडीवरून जाते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय घसरतो. मग मांडीचे हाड मोडते.

वेळेवर रुग्णालय गाठले तर असे हाड नीट जुळवता येते. बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. पण पुष्कळदा कामट्या बांधून, लेप लावून दिवस काढले जातात. मांडीचे स्नायू शरीरातील सर्वांत बलवान स्नायूंपैकी आहेत. ते मोडलेल्या हाडाची दोन्ही टोके ओढतात, टोके एकमेकांवर चढतात आणि तशीच जुळून येतात. हाड जुळते, पण पाय तीन, चार, कधी पाच सेंटिमीटर आखूड होतो. पाय आखूड होण्याची इतरही कारणे आहेत. लहानपणी हाडाच्या टोकाजवळच्या वाढीच्या कूर्चेला इजा झाली तर त्या पायाची वाढ मागे पडते. पोलिओनेही हजारो मुलांचे पाय असेच आखूड केले. भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला, पण त्याआधी आजार झालेली माणसे आपल्या आसपास आहेतच.

दोन सेंटिमीटरपर्यंतचा फरक असेल तर बुटाचा तळ उंच केला की बहुधा भागते. ह्यापेक्षा साधा, स्वस्त आणि निर्धोक उपाय नाही. फरक जास्त असेल तर मात्र कंबर तिरपी होते, पाठीवर ताण येतो आणि चालताना माणूस लवकर थकतो. अशा वेळी हाड लांब करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

हाड लांब कसे करतात? ते कापून! हाड काळजीपूर्वक कापतात, पण त्याच्या भोवतीचे आवरण शक्य तितके शाबूत ठेवतात. मग पाच ते दहा दिवस काहीच करत नाहीत. एवढ्या काळात शरीर कापलेली जागा सांधण्याच्या तयारीला लागते. तिथे मऊ, नवे ऊतक तयार होऊ लागते. आता दोन्ही तुकडे अगदी हळूहळू एकमेकांपासून दूर न्यायचे. मधले मऊ ऊतक ताणले जाते, ताणाच्या दिशेने त्याचे तंतू उभे राहतात आणि त्यांच्यात पुढे चुना भरून खरेखुरे हाड तयार होते. म्हणजे फट पडत जाते आणि शरीर ती भरत जाते.

इटलीतील बोलोन्या येथील कोदिव्हिला ह्या शल्यविशारदाने १९०५ साली पाय ओढून लांब करण्याचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पण ताण किती द्यावा ह्याचा हिशोब तेव्हा कोणाला नव्हता. तो बसवला रशियातील कुर्गान गावच्या डॉ. गव्हरिल इलिझारोव ह्यांनी. त्यांनी १९५० नंतरच्या काळात लोखंडी कड्यांचे एक उपकरण घडवले. पायाभोवती कडी बसवायची, हाडातून आरपार बारीक तारा घालून त्या सायकलच्या आऱ्यांसारख्या कड्यांना ताणून बांधायच्या आणि कड्यांमधले आटेदार दांडे फिरवून अंतर वाढवायचे. कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनी वेगही शोधला. दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर करून. दिवसाला अर्धा मिलिमीटर ओढले तर हाड पुष्कळदा अकालीच जुळून बसते आणि पुढे हलत नाही. दोन मिलिमीटर ओढले तर नवे हाड नीट धरतच नाही.

ही संख्या लक्षात ठेवा. पुढे ज्या अडचणी येणार आहेत, त्यांतील निम्म्या ह्या एका मिलिमीटरभोवती फिरतात.

कार्लो माउरी ह्या इटालियन गिर्यारोहकाचा जुना, बरा न होणारा पाय १९८० साली कुर्गानमध्ये बरा झाला, तेव्हा पश्चिम युरोपचे लक्ष ह्या पद्धतीकडे गेले. १९८१ मध्ये इलिझारोव इटलीत व्याख्यानाला आले आणि तिथून ही विद्या जगभर गेली. आपल्याकडे ती रुजवणाऱ्यांत मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी ह्यांचे नाव अग्रभागी आहे. अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी ह्यांनी ह्याच पद्धतीचे केंद्र उभारले. तुमच्या गावात कोणाला ‘रिंग बसवली’ असे ऐकले असेल तर ती हीच.

रिंगचा त्रास मात्र उघड दिसतो. तारा जिथे कातडीतून आत शिरतात तिथे जखम राहते, पाणी येते, पू होतो. रोज स्वच्छता करावी लागते. झोपताना कूस बदलता येत नाही. तेव्हा साहजिकच विचार आला, की कडी बाहेर ठेवण्याऐवजी लांबणारा दांडाच हाडाच्या आत का घालू नये? मांडीचे हाड नळीसारखे पोकळ असते, पोकळीत मज्जा असते. मोडलेल्या हाडात साधा रॉड घालतात तो ह्याच पोकळीत. तो रॉड दुर्बिणीच्या नळ्यांसारखा एकात एक सरकणारा केला की झाले!

झाले, असे म्हणणे सोपे. क्राइमियातील सिम्फेरोपोल येथे ब्लिस्कुनोव ह्यांनी १९८३ च्या सुमारास असा रॉड वापरला. मग फ्रान्समध्ये ‘अल्बिझिया’ नावाचा रॉड आला. त्यात आतल्या बाजूला दातेरी चाक होते. पाय हाताने धरून वीस अंश पिळायचा, परत आणायचा, की एक दात पुढे. असे पंधरा वेळा केले की एक मिलिमीटर. कापलेले हाड वीस अंश पिळायचे, हे वाचूनच अंगावर काटा येतो. काही रुग्णांना प्रत्येक वेळी भूल द्यावी लागे.

म्हणून पुढे २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका रॉडमध्ये हा कोन तीन ते नऊ अंशांवर आणला. एवढी हालचाल चालताना आपोआपच होते. रुग्णाने चालावे आणि रॉड आपसूक लांबावा, अशी ही सुरेख कल्पना होती. पण तिच्यातच घोळ होता. दातेरी चाक पुढे जाते, मागे येत नाही. आणि माणूस किती हालचाल करील हे कोण ठरवणार? काहींच्या पायात रॉड एका दिवसात कित्येक मिलिमीटर लांबला. डॉक्टरांनी ह्याला ‘पळून गेलेला रॉड’ असे नाव दिले. हाडाला भरायला वेळ मिळाला नाही, नसा ताणल्या जाऊन बधिरपणा आला, असह्य वेदना झाल्या. दुसऱ्या काही रुग्णांत उलट झाले. दुखते म्हणून त्यांनी पाय हलवला नाही, रॉड लांबला नाही आणि हाड जुळून बसले. तो रॉड आज वापरात नाही. बाहेरच्या रिंगमध्ये आटे कोणी आणि किती फिरवले हे डोळ्यांनी दिसते. आत गेलेले यंत्र दिसत नाही, ही अडचण त्यातून पुरती कळली.

ह्यावर दोन तोडगे निघाले. जर्मनीत म्युनिकला छोट्या विजेच्या मोटारीवर चालणारा रॉड तयार झाला. दुसरा तोडगा चुंबकाचा. त्याला अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली. ह्या रॉडच्या आत एक लहान चुंबक, दंतचक्रे आणि आटेदार दांडा असतो. मांडीवर बाहेरून एक यंत्र धरायचे, त्यात मोठी चुंबके फिरतात. ती फिरली की आतले चुंबकही फिरते. दंतचक्रांमुळे चुंबकाचे पुष्कळ फेरे होतात तेव्हा दांडा थोडासा सरकतो. वेग कमी होतो पण जोर वाढतो, विहिरीवरच्या रहाटात ह्याच तत्त्वाचा उपयोग तुम्ही पाहिला असेल. विशेष म्हणजे चुंबके उलटी फिरवली तर रॉड मागेही येतो. त्यामुळे पळून जाण्याचा प्रश्न बराचसा मिटला.

पण चुंबकाचे स्वतःचे नियम आहेत. दोन लहान चुंबकांमधले अंतर दुप्पट केले तर एकमेकांना फिरवण्याची त्यांची शक्ती निम्मी न होता सुमारे एक-अष्टमांश होते. म्हणून जाड मांडीच्या माणसात बाहेरचे चुंबक आतल्याला फिरवू शकत नाही, किंवा ते फिरते पण आजूबाजूच्या स्नायूंच्या ताणापुढे रॉड सरकत नाही. यंत्रावर मात्र ‘एक मिलिमीटर झाले’ असे दिसते! खरे काय झाले ते फक्त क्ष-किरण चित्र सांगते. त्यामुळे दर एक-दोन आठवड्यांनी चित्र काढून पट्टीने मोजावेच लागते. असा रॉड पायात असताना एमआरआय तपासणी सहसा टाळतात, कारण त्या यंत्रातील प्रचंड चुंबकाने आतले चुंबक फिरेल किंवा क्षीण होईल.

आता मजबुतीकडे वळू. हाड तयार होईपर्यंत शरीराचा भार ह्या पोकळ, जोडाच्या, आत यंत्र भरलेल्या रॉडवर येतो. एखादी तार एकदा वाकवून तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते, हे तुम्ही करून पाहिले असेल. माणूस दिवसाला पाच हजार पावले टाकत असेल तर एका पायावर अडीच हजार. सहा महिन्यांत साडेचार लाख वेळा तो रॉड थोडासा वाकतो आणि सरळ होतो. मग रॉड जाड का घेत नाहीत? कारण हाडाची पोकळी जेवढी रुंद तेवढाच रॉड मावतो. गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. दहा मिलिमीटरऐवजी बारा मिलिमीटर व्यास घेतला तर १.२ चा चौथा घात, म्हणजे २.०७. दोनच मिलिमीटर वाढले आणि ताठपणा दुप्पट झाला! उलट बारीक हाडाच्या माणसाला बारीक रॉड, आणि बारीक रॉडला वाकण्याचा व तुटण्याचा धोका अधिक. म्हणून टायटॅनियमच्या ह्या रॉडवर सुरुवातीचे कित्येक महिने पूर्ण भार टाकू देत नाहीत. कुबड्या घ्याव्या लागतात.

कुबड्या नकोत म्हणून एक नवा रॉड २०१८ साली बाजारात आला. ‘स्ट्राइड’ हे त्याचे नाव. तो चुंबकाचाच होता, पण टायटॅनियमऐवजी खास पोलादाचा. पोलाद टायटॅनियमपेक्षा जवळजवळ दुप्पट ताठ असते. रुग्ण लगेच पायावर भार देऊन चालू लागले आणि सगळे खूश झाले. मग काही महिन्यांनी क्ष-किरण चित्रांत विचित्र गोष्ट दिसू लागली. रॉडच्या दोन नळ्या जिथे एकात एक सरकतात, नेमक्या त्या सांध्यासमोर हाड आतून पोखरल्यासारखे झाले होते आणि बाहेरून जाड. काहींना तिथे दुखत होते. रॉड काढून पाहिले तर सांध्याजवळ काळपट डाग आणि गंज! जर्मनी आणि डेन्मार्कमधील डॉक्टरांनी काढलेले रॉड बारकाईने तपासून हे प्रसिद्ध केले आणि २०२१ साली कंपनीने हा रॉड बाजारातून परत घेतला.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ना? मग हे कसे झाले?

तुमच्या घरी लोणचे कशात ठेवतात ते आठवा. चिनीमातीच्या नाहीतर काचेच्या बरणीत, स्टीलच्या डब्यात नाही. मीठ आणि आंबट ह्यांपुढे स्टीलचाही टिकाव लागत नाही, हे आजीला रसायनशास्त्र न शिकता माहीत असते. स्टीलमधल्या क्रोमियमचा ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा म्हणजेच स्टीलचे संरक्षण. ओरखडा पडला तरी हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनने तो पुन्हा तयार होतो. आपल्या शरीरातील द्रव मात्र खारट आहे. त्यात लिटरला सुमारे नऊ ग्रॅम मीठ असावे एवढा खारटपणा असतो. मिठातला क्लोराइड हा ह्या पापुद्र्याचा शत्रू. त्यातच सांध्याच्या अरुंद फटीत द्रव कोंडून राहतो, तिथला ऑक्सिजन संपतो आणि पापुद्रा दुरुस्त होत नाही. भर म्हणून, पाऊल टाकताना दोन नळ्या एकमेकींवर सूक्ष्म घासतात आणि पापुद्रा खरवडला जातो. चालण्याची मोकळीक दिली तसे घासणेही वाढले!

जिथे ऑक्सिजन कमी तिथे धातू अधिक खाल्ला जातो, हे ऐकायला उलटे वाटते. म्हणून शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या प्रयोगशाळेत हे करून पाहा. शंभर मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थोडे थेंब आणि पोटॅशियम फेरीसायनाइडचा बारीकसा खडा टाका. (हे मिश्रण तापवू नका आणि त्यात आम्ल मुळीच घालू नका.) लोखंडी पत्र्याचा तुकडा काचकागदाने लख्ख घासा आणि त्यावर ह्या द्रावाचा एक मोठा थेंब ठेवा. पाच-दहा मिनिटे निरखत राहा. आधी इकडे तिकडे निळे-गुलाबी ठिपके येतील, मग हळूहळू मधला भाग निळा होईल आणि कडेला गुलाबी वर्तुळ दिसेल. निळा रंग म्हणजे लोखंड विरघळल्याची खूण. गुलाबी म्हणजे ऑक्सिजन वापरला जाऊन अल्कली तयार झाल्याची. कडेला हवा सहज मिळते, मध्यभागी मिळत नाही, आणि लोखंड खाल्ले जाते ते मध्यभागी. स्ट्राइडच्या सांध्यातील फट म्हणजे ह्या थेंबाचा मध्यभाग समजा. टायटॅनियमवरचा पापुद्रा शरीरात ह्याहून पक्का ठरतो, म्हणून जुना टायटॅनियमचा रॉड मागे राहिला आणि मजबूत नवा रॉड परत गेला.

जंतूंचेही तसेच. रॉड आत असल्याने कातडीवर जखमा राहत नाहीत, हा त्याचा खरा फायदा. आत जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर चिवट. रांजण बरेच दिवस घासला नाही तर आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसा थर जंतू धातूवर धरतात. त्या थराखाली औषध पोहोचत नाही. मग बहुधा रॉड काढल्यावाचून गत्यंतर नसते.

धातूचे इतके बोललो, पण स्नायूंचे काय? हाड लांबते तसे स्नायू, कंडरा, नसा आपण होऊन लांबत नाहीत. त्यांनाही सवय लावावी लागते. नडगीचे हाड वाढवताना टाचेची कंडरा मागे राहते आणि टाच उचलली जाऊन माणूस चवड्यावर चालू लागतो. मांडीचे वाढवताना गुडघा आखडतो. रोज व्यायाम हाच ह्यावर इलाज आणि तो दुखतो. माझ्या मते यंत्राच्या जाहिरातीत सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच असते. आणखी एक बारकावा भूमितीचा आहे. रॉड मांडीच्या हाडाच्या अक्षातून जातो, पण शरीराचा भार खुब्यापासून घोट्यापर्यंत जाणाऱ्या सरळ रेषेतून जातो. ह्या दोन रेषा एक नाहीत. मांडीच्या हाडाच्या अक्षात हाड एक सेंटिमीटर वाढवले की भाररेषा गुडघ्याशी सुमारे एक मिलिमीटर बाहेरच्या बाजूला सरकते. वाढ मोठी असेल तर शल्यविशारदाला हे आधीच कागदावर मांडून घ्यावे लागते. आणि ज्या मुलांची वाढ चालू आहे त्यांच्यात रॉड वाढीच्या कूर्चेतून घालणे धोक्याचे असते, म्हणून लहान वयात बहुधा रिंगच.

आता पुन्हा फडाकडे येऊ. समजा, एका ऊसतोड मजुराचा पाय पाच सेंटिमीटर आखूड आहे. कारखान्यांचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपतो. मेच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली असे धरू. पहिला आठवडा थांबायचे. मग रोज एक मिलिमीटर, म्हणजे पन्नास दिवस, जून संपला. हाड पक्के व्हायला दर सेंटिमीटरला सगळे मिळून साधारण महिना ते दीड महिना लागतो. पाच सेंटिमीटरला पाच ते साडेसात महिने, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. धूम्रपान करणाऱ्याचे हाड ह्याहूनही सावकाश भरते. तोपर्यंत डोक्यावर मोळी नाही, ट्रकची फळी नाही, रॉडवर पूर्ण भार नाही. पण गाडी तर दिवाळीलाच सुटते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एकजण घरी राहिला तर उरतो अर्धा कोयता. फडातल्या कोपीवर क्ष-किरण यंत्र नसते, मग रॉड किती सरकला ते मोजणार कोण?

रिंग घ्यावी की रॉड, हे ठरवताना शल्यविशारद हाडाची पोकळी, वय, मांडीची जाडी पाहतो. रॉड रिंगपेक्षा कितीतरी महाग पडतो, तेही पाहावे लागते. पण त्याने तारखांचा हा हिशोबही रुग्णाबरोबर बसून करायला हवा. कारण हाड भरल्यावरही काम संपत नाही. लांबणारा रॉड कायमचा ठेवण्यासाठी नसतो. साधारण वर्षा-दीड वर्षाने, हाड पूर्ण पक्के झाल्यावर, दुसरी शस्त्रक्रिया करून तो काढावा लागतो. त्यासाठीही पुढच्या मे-जूनची तारीख पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्यावी.